दोन मोजा, दोन काढा

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मी कविता लिहिणारा माणूस. बी. ए. झालो तोही मराठी घेऊन. शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात 'विभवांतर' हा शब्द पहिल्यांदा वाचला आणि त्या दिवसापासून वीज या विषयाशी माझा संबंध बटण दाबण्यापुरता उरला. बिल आलं की भरायचं, दिवा गेला की मेणबत्ती शोधायची. आज मी तुमच्याशी व्होल्ट, अँपिअर, ओहम आणि वॅट यांच्याविषयी बोलणार आहे, याचं मलाच नवल वाटतं. पण त्याला कारण घडलं, आणि ते कारण आमच्या घरातच घडलं.

आम्ही राहतो खारीत. भाईंदर स्टेशनच्या पूर्वेला हे जुनं गाव. आता चारी बाजूंनी इमारती उठल्यात, पण गावात बैठ्या चाळी अजून आहेत, आणि त्यातल्याच एका चाळीत आमच्या दोन खोल्या आहेत. उत्तरेला वसईची खाडी, आजूबाजूला मिठागरं. गावाच्या नावातच खार आहे आणि हवेतही आहे. खिडकीच्या गजांपासून सायकलच्या साखळीपर्यंत सगळ्याला इथे गंज लवकर धरतो. ही खारी हवा लक्षात ठेवा, तिचं काम पुढे आहे.

रमजानचा महिना होता. पहाटे चारला सहेरीसाठी उठलो तर गॅस संपलेला. दुसरा सिलिंडर नव्हता. मुलीने कपाटातून इंडक्शनची शेगडी काढली. शेगडीचा प्लग जाड पिनांचा. तशा जाड पिनांचा पॉइंट आमच्याकडे एकच, तोही मोरीच्या भिंतीवर, गीझरसाठी. मग बारीक भोकांत जाड प्लग बसवणारा जो कन्व्हर्टर बाजारात मिळतो, तो लावला आणि शेगडी एक्स्टेन्शन बोर्डावर जोडली. त्याच बोर्डावर चहासाठी विजेची किटलीही लावली. बोर्डाची वायर पाच मीटर लांब. जास्तीची वायर नीट गुंडाळी करून पलंगाखाली सरकवलेली. पलंगावर अम्मी झोपलेली. तिचं वय ऐंशीच्या पुढे. गुडघे धरलेले असल्यामुळे तिला आधाराशिवाय उठता येत नाही.

दहा-बारा मिनिटं झाली असतील. बायको म्हणाली, "कसला वास येतोय?" रबर जळल्यासारखा वास होता. मी म्हटलं, बाहेर कुणीतरी कचरा पेटवला असेल. पहाटे चारला कोण कचरा पेटवणार, एवढा विचारही मी केला नाही. तिने मात्र वाकून पलंगाखाली पाहिलं. धूर होता. बोर्डाचं एक भोक काळं पडून वितळलं होतं आणि वायरची गुंडाळी एकमेकीला चिकटून तिचा गोळा झाला होता. मुलीने धावत जाऊन मेन स्विच पाडला. अम्मीला आम्ही दोघांनी उचलून बाहेर ओट्यावर नेलं. चादरीची कड तेवढी करपली, बाकी काही झालं नाही. आणखी पाच मिनिटं गेली असती तर काय झालं असतं, ते मी आजवर घरात मोठ्याने बोललेलो नाही.

आणि आता कबुलीची गोष्ट. एवढं सगळं होऊन फ्यूज उडाला नव्हता, कारण तो मीच उडू नये असा करून ठेवला होता. आमच्या मीटरखाली चिनी मातीचा जुना फ्यूज होता. त्याला वायरमन लोक किटकॅट म्हणतात. तो वरचेवर जायचा. कंटाळून एका रविवारी मी त्यातली केसासारखी बारीक तार काढली आणि जुन्या वायरमधल्या तांब्याच्या सात-आठ तारा एकत्र पिळून बसवल्या. त्यानंतर फ्यूज कधी गेला नाही. मी स्वतःवर खूश होतो.

दुसऱ्या दिवशी गावातल्याच एका वायरमनना बोलावलं. आम्ही त्यांना नाना म्हणतो. भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांत त्यांनी तीसेक वर्षं मोटारी आणि वायरिंग सांभाळलं. त्यांचं बालपण मिठागरांवर गेलेलं. त्यांनी फ्यूज उघडून पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "ही कारागिरी कुणाची?" मी मान खाली घातली. नाना म्हणाले, "शायर, तुम्ही कवितेत मात्रा मोजता ना? मग हे पण मोजायला शिका. दोन आकडे मोजायचे, दोन काढायचे. त्याच्यापुढे काय नाय."

नानांनी मला शिकवलं ते असं. मिठागरात भरतीचं पाणी घेतात. बाहेर भरतीची पातळी जितकी उंच, तितका पाण्याचा रेटा जास्त. हा रेटा म्हणजे व्होल्टेज, म्हणजे विजेचा दाब, आणि तो व्होल्टमध्ये मोजतात. चरातून दर क्षणाला किती पाणी वाहतं, तो प्रवाह. विजेचा प्रवाह अँपिअरमध्ये मोजतात. आणि चर अरुंद असेल, लांबलचक असेल, गाळाने भरला असेल, तर तो पाण्याला अडवतो. हे अडवणं म्हणजे रोध. तो ओहममध्ये मोजतात.

दाब वाढला तर प्रवाह वाढणार आणि रोध वाढला तर प्रवाह कमी होणार, हे न शिकताही कळतं. गणित एवढंच की व्होल्टला अँपिअरने भागलं की ओहम मिळतात. आणि व्होल्टला अँपिअरने गुणलं की वॅट मिळतात. वॅट म्हणजे शक्ती, दर सेकंदाला खर्च होणारी ऊर्जा. भागाकार केला तर रोध, गुणाकार केला तर शक्ती. मोजायचे आकडे दोनच.

नानांनी किटली गीझरच्या पॉइंटवर लावली. मीटरने दाब मोजला, २३० व्होल्ट. आपल्याकडे घरगुती विजेचा ठरलेला दाब हाच आहे. तो थोडा खाली-वर होत असतो, त्या वेळी नेमका तेवढा होता. मग त्यांनी चिमट्यासारखं एक यंत्र काढलं. त्याला टाँग टेस्टर म्हणतात. वायर न कापता, नुसती चिमट्याच्या कवेत घेतली की ते प्रवाह दाखवतं. गंमत म्हणजे दोन्ही तारांची अख्खी केबल कवेत घेतली तर ते शून्य दाखवतं, कारण एका तारेतून जेवढा प्रवाह जातो तेवढाच दुसरीतून परत येतो आणि दोघांचा परिणाम एकमेकांना पुसून टाकतो. म्हणून नानांनी एकच तार वेगळी करून धरली. आकडा आला ६.५ अँपिअर.

मी कागदावर मांडलं. २३० भागिले ६.५ म्हणजे ३५.४ ओहम. हा किटलीच्या आतल्या तारेचा रोध. २३० गुणिले ६.५ म्हणजे १४९५ वॅट. ही किटलीची शक्ती. नानांनी किटली उलटी करून तळाची पाटी दाखवली. तिथे छापलं होतं : १५०० वॅट. खरं सांगतो, एखाद्या शेराचं वजन नेमकं जुळावं तसा आनंद झाला. ज्या वस्तूच्या पोटात मी कधी पाहिलं नव्हतं, तिचा हिशेब माझ्या पेन्सिलीने बरोबर सांगितला होता.

हा हिशेब ज्याने जगाला दिला, तो जर्मनीतला एक शाळामास्तर होता. गेऑर्ग सिमॉन ओहम, जन्म १७८९, एर्लांगेन गावच्या एका कुलुपं बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा. कोलोन शहरातल्या शाळेत तो गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायचा आणि उरलेल्या वेळात तारांवर प्रयोग करायचा. त्याची अडचण अशी की त्या काळातल्या बॅटऱ्यांचा दाब प्रयोग चालू असतानाच घसरायचा. दाबच स्थिर नसेल तर तुलना कशी करणार? शेवटी त्याने दोन वेगळ्या धातूंचा सांधा वापरला. एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरं बर्फात ठेवलं की त्यातून दुबळा पण स्थिर दाब मिळतो. मग त्याने वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून प्रवाह मोजला आणि नियम हाती आला. १८२७ साली त्याचं पुस्तक निघालं. त्याच्या देशात त्याचं स्वागत थंडच झालं. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ साली त्याला कॉप्ली पदक दिलं, आणि म्युनिकच्या विद्यापीठात प्राध्यापकाचं पद मिळालं तेव्हा मृत्यू दोनच वर्षांवर होता. आज जगातल्या प्रत्येक रोधावर त्याचं नाव आहे.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी. रोध हा वस्तूच्या कपाळावर कायमचा कोरलेला आकडा नाही, तो तापमानाबरोबर बदलतो. आपल्या जुन्या ६० वॅटच्या बल्बचंच घ्या. ६० भागिले २३० म्हणजे ०.२६ अँपिअर. त्यावरून पेटलेल्या बल्बचा रोध येतो सुमारे ८८० ओहम. पण तोच बल्ब विझवून, गार झाल्यावर मोजला तर रोध याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी भरतो. म्हणून बटण दाबल्याच्या क्षणी बल्बमधून भसकन जास्त प्रवाह जातो. जुने बल्ब बहुधा बटण दाबतानाच का जायचे, ते मला पन्नाशीनंतर कळलं.

आता आमच्या पलंगाखाली काय झालं ते पाहू.

शेगडी २००० वॅटची, किटली १५०० वॅटची. मिळून ३५००. वॅटला व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात, म्हणजे ३५०० भागिले २३०, बरोबर १५.२ अँपिअर. बोर्डावर बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं ६ अँपिअर. आणि त्याची वायर तर त्याहूनही हलकी. तांब्याची जाडी जेमतेम अर्धा चौरस मिलिमीटर, जी चार-पाच अँपिअरच वाहून न्यायची. तशा वायरचा रोध मीटरमागे ०.०३६ ओहम. पाच मीटर जायचे आणि पाच मीटर यायचे, म्हणजे दहा मीटरचा रोध ०.३६ ओहम.

तुम्ही म्हणाल, किटलीच्या ३५ ओहमपुढे हे ०.३६ काय? मलाही तसंच वाटलं. पण इथे तिसरा हिशेब लागतो. तारेत जी उष्णता तयार होते ती प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. अँपिअरला अँपिअरने गुणा आणि मग ओहमने गुणा. हा नियम १८४०-४१च्या सुमारास जेम्स जूल या इंग्रज तरुणाने शोधला. त्याच्या घरचा बिअर गाळण्याचा कारखाना होता. त्याने तारेचं वेटोळं पाण्यात बुडवलं, वीज सोडली आणि थर्मामीटरने पाणी किती तापलं ते मोजलं. म्हणजे आमची किटलीच.

आता गुणाकार करा. नुसती किटली असती तर ६.५ गुणिले ६.५ गुणिले ०.३६, म्हणजे सुमारे १५ वॅट. ही उष्णता पाच मीटर मोकळ्या वायरवर पसरली तर हाताला कोमट लागेल. शेगडीही जोडल्यावर १५.२ गुणिले १५.२ गुणिले ०.३६, म्हणजे ८३ वॅट. प्रवाह २.३ पट झाला, पण उष्णता साडेपाच पट. आणि ती पसरलीही नाही. गुंडाळी करून, पलंगाखाली, जिथे वारा लागत नाही अशा जागी मी ती कोंडून ठेवली होती. तांबं तापलं की त्याचा रोध आणखी वाढतो आणि उष्णतेत भर पडते. एका मोठ्या बल्बची ऊब मी अम्मीच्या गादीखाली दडवली होती.

याहून वाईट जागा होती बोर्डाचं ते काळं पडलेलं भोक. नानांनी ते फोडून आतली पितळी पट्टी दाखवली. हिरवट काळा थर बसला होता. ही आमच्या खारीच्या हवेची करणी. खारट दमट हवा तांब्या-पितळेला चढते, पकड सैल होते आणि जिथे धातूला धातू घट्ट भिडायला हवा तिथे मध्ये मळाचा पापुद्रा येतो. या सांध्याचा रोध, समजा, ०.२ ओहम झाला. १५.२चा वर्ग २३१, गुणिले ०.२, म्हणजे ४६ वॅट. तेही हरभऱ्याएवढ्या जागेत. रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांकडे डाग द्यायची जी सोल्डरिंग असते, ती साधारण २५ वॅटची असते आणि तेवढ्यात कथील वितळतं. माझ्या बोर्डात जवळजवळ दोन सोल्डरिंग एकाच भोकात खुपसून ठेवल्यासारखं होतं. प्लास्टिक वितळलं नसतं तर नवल.

म्हणून प्लग काढताना पिना गरम लागत असतील, स्विच दाबल्यावर चरचर आवाज येत असेल, बोर्डाचा कोपरा पिवळट पडला असेल, तर तिथे रोध वाढला आहे असं समजावं. नाना म्हणतात, "वायर बोलते, शायर. आधी गरम लागते, मंग वास मारते, मंगच पेटते."

मग फ्यूजचं काम काय? फ्यूज म्हणजे मुद्दाम ठेवलेली सगळ्यांत दुबळी तार. सगळ्या घराची वायर तापायच्या आधी तिने वितळायचं, हीच तिची नोकरी. पाच अँपिअरच्या फ्यूजची तार मिलिमीटरच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकी जाड असते. मी तिथे सात-आठ तारांचा पीळ बसवला. त्यामुळे दुबळेपणा फ्यूजमधून निघाला आणि पलंगाखालच्या वायरमध्ये गेला. आता आमच्याकडे एमसीबी आहे. प्रवाह ठरलेल्या आकड्यापुढे गेला की तो आपोआप खाली पडतो. तो वारंवार पडत असेल तर शिव्या त्याला द्यायच्या नाहीत, हिशेब तपासायचा.

पण एमसीबी किंवा फ्यूज माणसाला शॉकपासून वाचवत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. त्याचंही गणित तेच. कोरड्या कातडीचा रोध बराच असतो, पण २३० व्होल्टपुढे त्याचा भरवसा धरता येत नाही. अंग ओलं असेल, त्यात घामाचं मीठ असेल, तर शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास येतो. २३० भागिले १००० म्हणजे ०.२३ अँपिअर. सोळा अँपिअरच्या एमसीबीला हा आकडा दिसतही नाही. माणसाच्या हृदयाला मात्र तो जीवघेणा आहे. यासाठी वेगळं साधन लागतं, त्याला आरसीसीबी म्हणतात. टाँग टेस्टरमध्ये दोन्ही तारा एकत्र धरल्या की शून्य येतं, हे मघाशी सांगितलं. आरसीसीबी तेच पाहत असतो, गेलं तेवढं परत आलं का? घरगुती आरसीसीबीत ०.०३ अँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढा प्रवाह कुणाच्या तरी अंगातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत जातो आहे असं समजून तो क्षणार्धात वीज तोडतो. आमच्यासारख्या सखल, खाऱ्या, पावसाळ्यात पाणी तुंबणाऱ्या भागात याची किंमत मोठी. २६ जुलै २००५च्या पावसात मुंबई आणि उपनगरं बुडाली, तेव्हा पाण्यातल्या विजेची भीती पाण्याइतकीच होती, हे ज्यांनी तो दिवस पाहिला त्यांना सांगायला नको.

प्रवाहाच्या वर्गाचा हा नियम मनात घेऊन मी एकदा भाईंदर स्टेशनच्या पुलावर उभा राहिलो आणि रोजची लोकल मला नव्याने दिसली. भारतातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदरहून कुर्ल्याला धावली, ती १५०० व्होल्टवर. आपल्या पश्चिम रेल्वेच्या लोकलही कित्येक वर्षं १५०० व्होल्टवरच धावत होत्या. पुढे टप्प्याटप्प्याने बदल होत २०१२ साली चर्चगेट-विरार हा सगळा मार्ग २५ हजार व्होल्टवर आला. हा खटाटोप कशासाठी? समजा, एका लोकलला धावताना ३० लाख वॅट लागतात. १५०० व्होल्टवर तेवढी शक्ती द्यायची तर २००० अँपिअर हवेत. २५ हजारांवर फक्त १२०. तारेचा रोध तेवढाच धरला तर तारेत वाया जाणारी उष्णता दोन हजारांचा वर्ग आणि एकशेवीसचा वर्ग यांच्या प्रमाणात, म्हणजे पावणेतीनशे पटींनी कमी. १९१५ साली खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईला वीज आणली गेली तीही एक लाख व्होल्टच्या दाबाने, याच कारणासाठी. माझ्या पलंगाखालची वायर आणि भाईंदर स्टेशनवरची तार एकाच कायद्याने बांधलेल्या आहेत. रेल्वेने तो पाळला, मी मोडला.

कमी दाबाचाही हिशेब याच रीतीने करता येतो. २००० वॅटच्या गीझरचा रोध सुमारे २६.५ ओहम. संध्याकाळी दाब १८० व्होल्टवर उतरला तर प्रवाह ६.८ अँपिअर आणि शक्ती जेमतेम १२२५ वॅट. म्हणून अशा वेळी पाणी तापायला उशीर लागतो. गीझर बिचारा तसा निरुपद्रवी. पाण्याच्या पंपाची मोटार मात्र उलटी वागते. दाब उतरला तरी तिला पाणी तेवढंच चढवायचं असतं, म्हणून ती जास्त प्रवाह ओढते, तापते आणि शेवटी जळते.

आणि मोटारीबद्दल एक सावधगिरी. किटली, इस्त्री, गीझर या नुसत्या तापणाऱ्या वस्तू. त्यांच्या बाबतीत व्होल्ट गुणिले अँपिअर हा हिशेब चोख येतो. पंखा, पंप, फ्रिज यांत तारांची वेटोळी असतात आणि घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावे घेते. वेटोळ्यातला प्रवाह दाबाच्या थोडा मागे रेंगाळतो, त्यामुळे गुणाकार जेवढा येतो त्याहून खरी शक्ती कमी भरते. पंपाला ६ अँपिअर लागत असतील तर गुणाकार १३८० येईल, पण पॉवर फॅक्टर ०.८ असेल तर खरी शक्ती सुमारे ११०० वॅट. बिलात खरी शक्तीच धरली जाते. वायर निवडताना मात्र सहा अँपिअरच धरायचे, कारण तार तापते ती प्रवाहाने.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठे नाना आणि कुठे टाँग टेस्टर? पॉइंटमध्ये मीटरच्या सुया घालण्याचं धाडस तर कृपा करून करू नका, ते जाणकाराचं काम. पण कशालाही हात न लावता हा हिशेब करता येतो. तुमच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो. मीटरच्या पाटीवर ३२०० किंवा असाच एखादा आकडा छापलेला असतो. म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. युनिट म्हणजे एक हजार वॅट एक तासभर. घरातलं बाकी सगळं बंद करा, फक्त गीझर चालू ठेवा आणि घड्याळ लावून मोजा. माझ्याकडे १०० लुकलुकी ५६ सेकंदांत झाल्या. एका तासाचे ३६०० सेकंद, त्यांना ५६ने भागून १००ने गुणलं की तासाच्या लुकलुकी ६४२९. त्यांना ३२००ने भागलं तर दोन युनिटं. गीझर २००० वॅटचा! भागिले २३०, म्हणजे ८.७ अँपिअर. म्हणजे सहा अँपिअरच्या पॉइंटवर तो कधीही लावायचा नाही. बघा, वायरला स्पर्श न करता घरात बसून एवढं कळलं.

त्या दिवशी जाताना मी नानांना विचारलं, किती झाले? त्यांनी एमसीबी, नवीन वायर आणि दोन पॉवर पॉइंट यांचे पैसे सांगितले. शिकवल्याचे घेतले नाहीत. म्हणाले, "एक काम करा. चाळीतल्या बाकीच्यांना पण सांगा. सगळ्यांच्या किटकॅटमधी तुमचीच कारागिरी हाय."

मी पेन्सिल घेऊन घरोघरी गेलो. बारा खोल्यांपैकी सात खोल्यांत फ्यूजच्या जागी जाड तार निघाली. प्रत्येक घरात मी वस्तूंच्या तळाच्या पाट्या वाचल्या, वॅटची बेरीज केली, २३०ने भागलं आणि तो अँपिअरचा आकडा त्या घराच्या मीटरजवळ खडूने लिहिला. बायका हसल्या, मुलांनी मला 'अँपिअरचाचा' नाव ठेवलं. पण महिन्याभरात त्या सातही घरांत नानांनी एमसीबी बसवले.

अम्मीला यातलं काहीच माहीत नाही. त्या पहाटे तिला ओट्यावर का आणलं, असं तिने विचारलं तेव्हा मी सांगितलं, आत उकडत होतं. ते खोटंही नव्हतं. तिच्या पलंगाखाली आता फक्त तिच्या चपला असतात. रोज रात्री दिवा घालवण्याआधी मी वाकून तेवढं पाहून घेतो.